बाबांचा कॉइल टेस्टर

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. एरवी न लिहिण्याचं कारण आळस हेच असतं, पण या खेपेला त्याला एका लाकडी खोक्याची साथ होती. गेले तीन महिने दर रविवारी मी त्या खोक्यात डोकं घालून बसलेला. बायको येता-जाता विचारायची, "झालं का जिवंत?" आता झालंय, म्हणून ही सगळी हकीकत. थोडी लांबेल, मध्ये आयर्लंड आणि पॅरिसलाही जाऊन यावं लागेल, पण शेवटी परत सांगलीतच येणार आहोत. नात्यातल्या मंडळींना मात्र एक विनंती. कंटाळा आला तर मधलं सोडा, पण शेवट वाचा. तो तुमच्यासाठीच लिहिलाय.

खोकं म्हणजे बाबांचा कॉइल टेस्टर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: सांगलीत बाबांचं ऑटो इलेक्ट्रिशियनचं दुकान होतं. दुकान म्हणजे एका शटरचा गाळा. बाहेर दोन गाड्या उभ्या राहतील एवढी जागा, आत उघडून ठेवलेले डायनॅमो आणि सेल्फ, कोपऱ्यात चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्या आणि त्यांच्या ॲसिडचा नाकात बसणारा वास. टेबलावर मधोमध हा टेस्टर. सागवानी पेटी, वर काळं बेकेलाइटचं पॅनेल, एक अँपिअर मीटर, ६ आणि १२ व्होल्टचा खटका, आणि उजवीकडे काचेच्या खिडकीमागे दोन टोकदार पितळी कांड्या. गाडीची कॉइल काढून याला जोडायची आणि खटका दाबायचा. आत मोटर गुरगुरायला लागली की त्या दोन टोकांमध्ये निळी ठिणगी तडतडायची. मग बाजूची गुंडी फिरवून टोकं हळूहळू लांब न्यायची. ठिणगी तुटायला लागली की पट्टीवर तिथला आकडा वाचायचा. लहानपणी मला हे दिवाळीच्या फटाक्यांपेक्षा भारी वाटायचं.

याच टेस्टरवरून १९८४ साली आमच्या घरात एक भांडण झालं. आत्याच्या यजमानांची (आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात, तेव्हा पुढे मामा म्हणतो) ॲम्बॅसिडर होती, टॅक्सीला लावलेली. ती घाट चढताना मिसिंग मारायला लागली. बाबांनी कॉइल काढली, टेस्टरवर लावली आणि 'बाद' म्हणून सांगितलं. मामांनी नवी घेतली, अर्थात बाबांकडूनच. गाडी मिसिंग मारतच राहिली. पुढे दुसऱ्याच कुणीतरी डिस्ट्रिब्युटरच्या टोपीला गेलेली केसाएवढी चीर शोधून काढली. टोपी बदलली आणि गाडी सुतासारखी सरळ झाली. मामा जुनी कॉइल हातात घेऊन दुकानात आले आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "घरच्या माणसालाच कॉइल खपवलीस?" बाबा एवढंच म्हणाले, "टेस्टरनं दाखवलं ते मी सांगितलं."

त्या वर्षी बाबा भाऊबीजेला आत्याकडे गेले नाहीत. ताईच्या लग्नाला मामा आले, अक्षता टाकल्या आणि न जेवता गेले. बोलणं पुढे सुरू झालं, पण कामापुरतं. २०११ मध्ये मामा गेले, २०१६ मध्ये बाबा. टेस्टर घराच्या माळ्यावर होता, म्हणून २०१९ च्या महापुरात तळमजल्यावरचं सगळं गेलं तरी तो वाचला. यंदा घर रंगवायला काढलं तेव्हा तो खाली आला, आणि त्याच्याबरोबर बाबांची एक लांबडी वही.

आता मुळात टेस्टर लागतोच कशाला, ते आधी सांगतो. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पडायची तर हजारो व्होल्ट लागतात आणि गाडीत बॅटरी असते १२ व्होल्टची. मधलं काम कॉइल करते. बाहेरून ती मुठीत मावेल असा, तेल किंवा डांबर भरून सील केलेला डबा. आत लोखंडी पत्र्यांच्या गाभ्याभोवती दोन तारा गुंडाळलेल्या. एक जाड, दोन-तीनशे वेढ्यांची. दुसरी केसासारखी बारीक, पंधरा-वीस हजार वेढ्यांची. जाड तारेतून करंट सोडायचा आणि एकदम तोडायचा. गाभ्यातलं चुंबकत्व कोसळतं आणि त्या धक्क्यानं बारीक तारेत पंधरा-वीस हजार व्होल्ट उभे राहतात. आतल्या बारीक तारेवरचं इन्शुलेशन एखाद्या ठिकाणी गेलं की कॉइल मेली. पण डबा तसाच चकचकीत. बघून कळत नाही, हलवून कळत नाही. मग गिऱ्हाइकानं विश्वास ठेवायचा कशावर? मेकॅनिकच्या शब्दावर, किंवा टेस्टरच्या ठिणगीवर.

हा प्रश्न कॉइलइतकाच जुना आहे. मायकेल फॅरडेनं १८३१ मध्ये विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. त्यानंतर पाचच वर्षांनी, १८३६ मध्ये, आयर्लंडमधल्या मेनूथच्या सेमिनरीत शिकवणाऱ्या निकोलस कॅलन नावाच्या पाद्र्यानं लोखंडी दांड्यावर जाड आणि बारीक अशा दोन तारा गुंडाळून पहिली इंडक्शन कॉइल बनवली. करंट भराभर तोडण्या-जोडण्यासाठी त्यानं एक हातानं फिरवायचं यंत्रही केलं. पण व्होल्ट मोजायचे कसे? तसं मीटर तेव्हा कुणाकडेच नव्हतं. मग कॅलननं जवळ होते ते टेस्टर वापरले, म्हणजे स्वतःचे विद्यार्थी! झटका किती जोराचा बसतो त्यावरून कॉइल किती ताकदीची ते ठरायचं. एक विद्यार्थी बेशुद्ध पडला आणि पुढे पाळी टर्की पक्ष्यांवर आली असं सांगतात. म्हणजे जगातला पहिला कॉइल टेस्टर दोन पायांचा होता. :)

तिथून माप शरीरावरून ठिणगीवर आलं. पॅरिसमध्ये हाइनरिख रुमकॉर्फ हा मूळचा हॅनोव्हरचा कारागीर उपकरणं बनवायचा. त्यानं बारीक तारेचं इन्शुलेशन इतकं सुधारलं की कॉइलला त्याचंच नाव पडलं, आणि नेपोलियन तिसरा याच्याकडून त्याला पन्नास हजार फ्रँकचं बक्षीस मिळालं. आता कॉइलची प्रत सांगायची ती ठिणगीच्या लांबीत. अमुक इंचाची कॉइल, तमुक इंचाची कॉइल. लंडनच्या ॲप्स या कारागिरानं १८७७ च्या सुमारास विल्यम स्पॉटिसवूडसाठी बनवलेल्या अवाढव्य कॉइलमध्ये २८० मैल तार होती आणि तिची ठिणगी ४२ इंच लांब पडायची. बाबांच्या टेस्टरवरची मिलिमीटरची पट्टी ही याच घराण्यातली.

याच काळातली आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. करंट तोडताना तोडण्याच्या जागीच ठिणगी पडते. जी ताकद दुसऱ्या तारेत जायला हवी ती इथेच जळून जाते. यावर फिझो या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८५३ मध्ये उपाय सुचवला: तोडण्याच्या जागेला समांतर एक कंडेन्सर जोडा. करंट तुटायच्या क्षणी तो कंडेन्सरमध्ये शिरतो, पॉइंटवर ठिणगी पडत नाही, चुंबकत्व झटक्यात कोसळतं आणि पलीकडे ठिणगी जोरात पडते. पॉइंटच्या शेजारी असलेलं करंगळीएवढं नळकांडं ते हेच.

कॉइल इंजिनात आली ती लनोआरच्या १८६० च्या गॅस इंजिनापासून. त्यात रुमकॉर्फचीच कॉइल होती. १८८६ च्या कार्ल बेंझच्या तीनचाकीतही बॅटरी आणि थरथरणारी कॉइल होती. पण घरोघरच्या माणसानं कॉइल हाताळली ती फोर्डच्या मॉडेल टीमध्ये. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटी गाड्या झाल्या, आणि प्रत्येकीत चार सिलिंडरसाठी चार लाकडी पेट्या. प्रत्येक पेटीत एक कॉइल, एक कंडेन्सर आणि वर विजेच्या घंटीसारखी थरथरणारी पत्ती. गाडी सुरू झाली की त्या भुंग्यासारख्या गुणगुणायच्या. लोक त्या आवाजावरूनच पारख करायचे. चारही सारख्या गुणगुणल्या की ठीक.

आणि इथेच फसगत व्हायची. टेबलावर बॅटरीला जोडलेली पेटी छान गुणगुणते, पण गाडीत पहिली ठिणगी क्षणभर उशिरा पडते आणि इंजिन धडपडतं. कानाला हे कळत नाही. म्हणून डीलरांच्या वर्कशॉपमध्ये एक हातानं फिरवायचा टेस्टर आला. त्यात मॉडेल टीचाच मॅग्नेटो बसवलेला असे, सोळा चुंबकांचा. म्हणजे कॉइलला गाडीत जशी वीज मिळते तशीच इथे मिळणार. हँडल एक फेरा फिरवलं की गोल कड्यावर सोळा ठिणग्या पडायला हव्यात, प्रत्येक ठिकाणी एकच. आणि मीटरवर साधारण १.३ अँपिअर. कुठे ठिणगी गळाली, कुठे दोन-दोन पडल्या, तर पत्तीचा ताण बदला नाहीतर पेटी फोडून कंडेन्सर बघा. जुन्या मॉडेल टी जपणारे लोक आजही हाच टेस्टर खरा मानतात. त्यांचा मोठा उद्योग म्हणजे शंभर वर्षांत दमलेली त्याची चुंबकं पुन्हा भरणं आणि कॉइलच्या पेटीतल्या डांबरातून जुना कागदी कंडेन्सर कोरून काढणं. यातलं पहिलं काम मला फार आवडलं. टेस्टरचीही तब्येत बघावी लागते, हे त्या लोकांना पक्कं ठाऊक आहे.

आपल्याकडच्या गाड्यांतली पद्धत मात्र चार्ल्स केटरिंगची. अमेरिकेतल्या डेटनला त्यानं १९०९ च्या सुमारास ती बसवली आणि १९१० च्या कॅडिलॅकमध्ये ती आली. थरथरणारी पत्ती गेली. इंजिनाबरोबर फिरणारा कॅम पॉइंट उघडणार आणि एका उघडण्याला एकच ठिणगी. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरलं की सेकंदाला शंभर ठिणग्या. आपली ॲम्बॅसिडर काय, कुर्ल्यात बनणारी पद्मिनी काय, सगळ्या याच घराण्यातल्या. गुणगुण संपली आणि कॉइल मुकी झाली. त्यामुळे टेस्टरची गरज आणखी वाढली.

या टेस्टरमध्ये दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली, दाब. प्लगची फट जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर असते, पण ती सिलिंडरमधल्या दाबलेल्या हवेत असते आणि दाबलेल्या हवेत ठिणगी पडायला कितीतरी जास्त व्होल्ट लागतात. म्हणून प्लग बाहेर काढून बॉडीला टेकवून 'करंट येतोय' म्हणणं ही अर्धीच परीक्षा. उघड्या हवेत टेस्टरला लांब फट ठेवावी लागते. टोकदार कांड्यांमध्ये मोघम हिशोब एका मिलिमीटरला हजार व्होल्टचा. शिवाय उघड्या हवेतली ठिणगी लहरी असते. म्हणून चांगल्या टेस्टरमध्ये दोन टोकांच्या जोडीला एक तिसरं टोक असतं, जे कुठेही जोडलेलं नसतं. एका टोकाशी त्याची अगदी बारीक फट असते. तिथे आधी छोटी ठिणगी पडून हवा तयार होते आणि मोठी ठिणगी दर वेळी साधारण त्याच व्होल्टला पडते.

दुसरी गोष्ट, उष्णता. कॉइल थंड असताना ठणठणीत आणि तापली की बसली, हा नेहमीचा रोग. बाबा म्हणून कॉइल वीस मिनिटं टेस्टरवर चालू ठेवायचे, तोवर गिऱ्हाइकाला चहा पाजायचे आणि मग पुन्हा आकडा वाचायचे. वहीत प्रत्येक कॉइलपुढे दोन रकाने आहेत: थंड आणि गरम.

आता दुरुस्ती. जुनं यंत्र दिसलं की लगेच बॅटरीला जोडून बघायचा मोह होतो. तो आवरला हे माझं एकमेव शहाणपण. आधी पेटी उघडली. उंदरांच्या लेंड्या, कोळ्याची जाळी आणि रबराचं वेष्टण असलेल्या वायर. रबर वाळून कडक झालेलं, वाकवलं की बिस्किटासारखं तुटायचं. सगळ्या वायर एकेक करून बदलल्या, प्रत्येकीचा आधी कागदावर नकाशा काढून. मोटर जॅम होती. ग्रीसचा मेण झाला होता. ती उघडली, रॉकेल मिळेना म्हणून डिझेलनं धुतली, कम्युटेटरवर बारीक पॉलिश पेपर फिरवला, कार्बन बदलले. पॉइंटवर एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेंगूळ. कानशीनं सपाट केले, फीलर गेजनं ०.४ मिलिमीटरचं अंतर लावलं. अँपिअर मीटर मात्र काचेवरची धूळ पुसताच चालू. जुन्या लोकांची कामं!

मग बाजारातून एक नवी कॉइल आणली, १२ व्होल्टची. खटका दाबला. मोटर गुरगुरली आणि ठिणगी पडली! मी अक्षरशः ओरडलो. पण आनंद मिनिटभर टिकला. ठिणगी निळी नव्हती, पिवळट बारीक होती, आणि गुंडी फिरवली तर चार मिलिमीटरलाच तुटायला लागली. नव्या कॉइलनं दहाच्या आसपास जायला हवं.

पुढचे तीन रविवार यात गेले. बॅटरी बदलली. बंद पॉइंटवर किती व्होल्ट पडतात ते मोजलं, नगण्य. कॉइलच्या जाड तारेचा रेझिस्टन्स तीन ओहम, बरोबर. ठिणगीची कांडी, तिचा बेकेलाइटचा आधार, सगळं स्पिरिटनं पुसून घेतलं. कंडेन्सरवर संशय होताच, पण तो मी सगळ्यात आधी मल्टिमीटरवर मोजला होता. ०.२२ मायक्रोफॅरड, अगदी ठणठणीत. म्हणून त्याला यादीतून काटला होता.

शेवटी वैतागून, काहीच सुचेना म्हणून, तो काढला आणि एक नवा कंडेन्सर क्लिपांनी लटकवला. खटका दाबला तर कडाड! निळी, जाड ठिणगी, दहा मिलिमीटरवर न चुकता. मी जुना कंडेन्सर घेऊन एका वायरमन मित्राकडे गेलो आणि त्याच्या मेगरवर ५०० व्होल्टला लावला. काटा शून्याजवळ जाऊन पडला. मल्टिमीटर एक-दोन व्होल्टवर मोजतो. तेवढ्यावर कंडेन्सर गुणी बाळ. पण पॉइंट उघडले की त्याच्यावर क्षणभर तीनेकशे व्होल्ट येतात, आणि तिथे त्याच्या आतला दमट झालेला कागद दगा द्यायचा. मॉडेल टीच्या गुणगुणण्याबद्दल मी तुम्हाला वर शहाणपण शिकवलं, आणि स्वतः मात्र तीन रविवार त्याच खड्ड्यात पडून होतो.

त्या रात्री झोप लागली नाही, कारण डोक्यात दुसराच किडा वळवळायला लागला. कंडेन्सर लिक करत असेल तर टेस्टर चांगल्या कॉइललाही कमी मार्क देणार. मग १९८४ मध्ये?

पण एवढ्यावरून निकाल देता येत नाही. कंडेन्सर आज खराब आहे म्हणून तेव्हाही खराब होता असं नाही. मध्ये चाळीसेक पावसाळे आणि २०१९ ची ती ओल गेलीये. पुरावा हवा तर तो त्याच काळातला हवा. म्हणून वही उघडली.

बाबांची एक शिस्त होती. दर महिन्याच्या एक तारखेला ते एक ठरावीक कॉइल टेस्टरवर लावून आकडा लिहायचे. तिला ते 'मास्टर' म्हणत. ती कधी कुठल्या गाडीला लावली नाही, फक्त टेस्टर तपासायला. १९७९ मध्ये मास्टरपुढे १० मिलिमीटर. १९८२ मध्ये साडेनऊ. १९८४ च्या जानेवारीत ९. जूनमध्ये ८. ऑगस्टमध्ये ७, आणि शेजारी बाबांच्या तिरक्या अक्षरात: 'मास्टर उतरली. बदलणे.' सप्टेंबरमध्ये नवी कोरी मास्टर. तिचा आकडाही ७. शेजारी: 'नवीन मालात पूर्वीचा दम नाही.'

ही ओळ मी किती वेळा वाचली असेल! जुनी कॉइल ७, नवी कोरी कॉइलही ७. दोन्हींत एकच गोष्ट सारखी होती, टेस्टर. मास्टर ठेवलीच होती टेस्टर पकडायला. तिनं तो पकडला आणि बाबांनी तिलाच बदललं. नंतर नव्या मालाला नावं ठेवली. ज्या टेबलावरच्या यंत्रानं पंधरा वर्षं पोट भरलं त्याच्यावर संशय घ्यायचं त्यांना सुचलंच नाही.

त्यांचा बाद करायचा नियम वहीच्या पहिल्या पानावर आहे: गरम ७ च्या खाली गेली की बाद. आधीच्या पानांवर दहा-बारा कॉइलमागे एखादी बाद. १९८४ च्या पावसाळ्यानंतर जवळजवळ दर दुसरी. ऑक्टोबरच्या पानावर मामांच्या गाडीचा नंबर, थंड साडेसहा, गरम ६, बाद. पानावर त्यांच्या खाली-वर आणखी किती जण आहेत ते मी मोजत बसलो आणि मग मोजायचं सोडून दिलं. ते सगळे आमच्या नात्यातले नव्हते, म्हणून भांडायला आले नाहीत, एवढाच फरक.

मग आतेभावाला फोन केला. म्हटलं, मामांनी ती जुनी कॉइल ठेवली होती का रे? तो हसला. म्हणाला, "दादा, ठेवली होती म्हणजे काय! पुरावा म्हणून ट्रंकेत ठेवलीये. आईनं दोनदा भंगारात घातली, दोनदा त्यांनी परत आणली." पुढच्या रविवारी तो ती घेऊन आला. बूड गंजलेलं, पण सील शाबूत. आम्ही दोघांनी मिळून ती लावली. थंड, दहा. मग वीस मिनिटं चालू ठेवली, बायकोनं चहा केला. गरम, साडेनऊ.

इथे कंडेन्सरसारखी पळवाट नाही. आज बिघडलेली वस्तू पूर्वी चांगली असू शकते, पण सीलबंद कॉइल माळ्यावर किंवा ट्रंकेत पडून आपोआप बरी होत नाही. आज ती चांगली आहे म्हणजे १९८४ मध्येही चांगलीच होती. मामांचं बरोबर होतं. कॉइल बदलायची गरज नव्हती. आणि 'खपवलीस' हे मात्र बरोबर नव्हतं. बाबांनी टेस्टरनं दाखवलं तेच सांगितलं होतं.

वहीचं शेवटचं पान १ डिसेंबर १९८५ चं आहे. 'मास्टर ५. आज बंद.' पुढे सगळी पानं कोरी. 'आज बंद' म्हणजे दुकानाला सुट्टी होती (तो दिवस रविवार होता, मी बघितलं), की टेस्टर बंद? आम्हाला ते एवढंच म्हणाले होते की आता जुना झाला, आणि तो माळ्यावर गेला. त्या दिवशी पाचाचा आकडा बघून त्यांना कळलं का? कळलं असेल तर मामांकडे जाऊन ते का बोलले नाहीत? पंचवीसेक वर्षं होती हातात. मला बाबा जसे माहीत आहेत तसे, त्यांना जमलं नसतं. आणि मला बाबा जसे माहीत आहेत तसे, कळल्यावर ते गप्पही बसू शकले नसते. दोन्ही खरं वाटतं. वहीत पुढे काही नाही.

गाड्यांतून पॉइंट आणि कंडेन्सर केव्हाच गेले. पद्मिनी बनायच्या बंद झाल्या, ॲम्बॅसिडरही २०१४ मध्ये थांबली, २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरून शेवटच्या पद्मिनी टॅक्सीही गेल्या. आता कॉइल बिघडली तर गाडीचा कॉम्प्युटरच कोड दाखवतो. तो कोड बरोबर का, हे विचारणारी मास्टर कॉइल कुठल्या वर्कशॉपमध्ये असते का, मला खरंच कुतूहल आहे. कुणी सांगितलं तर बरं.

असो. गेल्या आठवड्यात आत्याकडे गेलो. वही नेली होती, पानं उलटून सगळं समजावून सांगितलं, मिलिमीटर, कंडेन्सर, मेगर. तिनं किती ऐकलं कोण जाणे. मध्येच म्हणाली, "म्हणजे ह्यांचंच खरं होतं म्हण की." म्हटलं, हो. मग बराच वेळ ती वहीतलं बाबांचं अक्षर बघत बसली. म्हणाली, "दादा पण खोटं नव्हता बोलला." म्हटलं, नाही. मग मी म्हटलं, त्या नव्या कॉइलचे पैसे तेवढे आमच्याकडे निघतात. वहीत लिहिलेत, एकशे दहा रुपये. ती म्हणाली, "ठेव तुझ्याकडे. भाऊबीजेला ताईला घेऊन इकडे ये. आणि जेवून जायचं."

घरी आल्यावर त्या वहीचं पुढचं कोरं पान उघडलं. एक तारीख नव्हती, तरी मामांची कॉइल लावली, आकडा वाचला आणि लिहिला: 'मास्टर १०.'